अळणी वरण

आई गेली त्या दुपारी लीला उदगीरला मामाच्या ओट्यावर बसून फोनवर हसत होती. का हसत होती, हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक त्या दिवशी रात्रीपर्यंतही उरली नाही.

फोन आईचाच होता. लातूरच्या ट्यूशन एरियात महानंदाबाई खानापुरेंची खाणावळ म्हणजे बाहेरगावाहून शिकायला आलेल्या चाळीस पोरांचं दुसरं घर. बाई कडक. ताटात उष्टं टाकलेलं खपवून घ्यायच्या नाहीत. दुपारची पंगत उठल्यावर त्यांनी धाकट्या लेकीला फोन लावला आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "लीले, आज एक गंमत झाली. वरणात मीठच टाकलं नाही मी."

"मग?"

"मग काय. पोरं आपली खाली मान घालून जेवली. एकानं तोंड उघडलं नाही. पातेलं घासायला घेतलं तेव्हा बोट लावून बघितलं, तर अळणी. इतकी का भितात गं मला?"

लीला अकरा वर्षांची होती. चाळीस धटिंगण पोरं गुमान अळणी वरण ओरपतायत, हे डोळ्यांपुढे येऊन तिला हसू आवरेना. मग आईलाही हसू फुटलं. हसता हसता आई म्हणाली, "अक्काला सांगू नको हां. वर्षभर चिडवील मला. ठेवते गं."

मामीने विचारलं, "काय म्हणत होती आई?" लीला म्हणाली, "गंमत आहे. सांगणार नाही."

संध्याकाळी महानंदाबाई भात चढवताना खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्या वर्षी लातूरचा पारा कुठे गेला होता ते लोक अजून सांगतात. वीज गेलेली, वर पत्रा, पुढ्यात तीन शेगड्या. मोठी मुलगी अंबिका, म्हणजे घरातली अक्का, तेवढी जवळ होती.

लीलाने आईला दिलेला शब्द पाळला. पुढे नववीत विज्ञानाच्या पुस्तकात तिने वाचलं की उष्माघाताची सुरुवात तापाने होतेच असं नाही. आधी डोकं चुकायला लागतं, रोजच्या सवयीची कामं हातून निसटतात. तिने पुस्तक मिटलं. आपण तेव्हाच अक्काला फोन केला असता तर? या 'तर'ला उत्तर नसतं, पण तो काट्यासारखा राहून गेला. आणि त्या काट्याशेजारीच आईचं ते हसू होतं. एकाला हात लावल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नव्हता. तरी ती लावायची. परीक्षा असली, ताप आला, कुणी टाकून बोललं, की डोळे मिटून तो ओटा, तो फोन, ते "ठेवते गं". बाकीच्यांकडे आईचे फोटो होते. लीलाकडे हे होतं.

या मुलीने उन्हाचा आणि माणसाच्या शरीराचा अभ्यास करायचं ठरवलं, यात नवल ते काय? तो विषय नीट शिकवणारं विद्यापीठ मात्र निघालं नॉर्वेत, बर्फात. तिथली शिष्यवृत्ती मिळाली तर सगळा खर्च त्यांचा. नाही मिळाली तर खाणावळीतल्या पोळ्या आहेतच. अक्काने आई गेल्यावर बी.एस्सी. सोडून त्या पोळ्या हातात घेतल्या होत्या. दादा, म्हणजे वडील, गंजगोलाईच्या बाजारात कापडदुकानात कामाला होते आणि घरी आल्यावर फारसं बोलत नसत. घराची सगळी भिस्त एका अर्जावर होती, आणि अर्जाची भिस्त एका निवेदनावर: मी कोण, मला हे का शिकायचंय.

आता या निवेदनाची कथा सांगायला हवी. एक काळ असा आला की जगातली सगळी निवेदनं यंत्रं लिहू लागली. अर्जाअर्जांतून इतक्या आज्या मरणशय्येवरून "बाळा, शीक" म्हणू लागल्या की विद्यापीठांना त्या आज्यांचा वीट आला. मग कुणीतरी 'साक्षी' काढलं. कपाळाभोवती बांधायचा एक मऊ पट्टा. माणूस खरोखर काही आठवत असतो तेव्हा मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक इवलासा भाग जागा होतो आणि त्या प्रसंगाचे वास, आवाज, जागा, अंगावरचा स्पर्श अशा दूरदूरच्या तारा एकदम छेडतो. माणूस कल्पना करतो किंवा ऐकीव सांगतो तेव्हा त्या तारा ढिल्या वाजतात आणि कपाळामागचा भाग जास्त राबतो. पट्टा हा फरक टिपतो आणि शंभरातला आकडा देतो. त्याला म्हणायचे साक्षांक. उमेदवाराने केंद्रात बसायचं, पट्टा बांधायचा आणि आपल्या मातृभाषेत स्वतःच्या हाताने लिहायचं. खोट्याला जागाच नाही.

असं त्यांना वाटलं. ज्यांनी पट्टा केला त्यांनी लातूर पाहिलेलं नव्हतं.

लातूरकराला कुठलीही परीक्षा द्या, तो आधी जुने पेपर मागतो आणि मग घोकायला बसतो. पट्टा आल्याच्या दुसऱ्याच वर्षी ट्यूशन एरियात 'अनुभव अकॅडमी'ची पाटी लागली. चालवणारे वट्टमवार सर पूर्वी बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. माणूस वाईट नव्हता. पोरांच्या हुकलेल्या गुणांनी रात्रीची झोप उडणाऱ्यांपैकी होता, आणि पाठांतराला पर्याय नाही यावर त्याची देवासारखी श्रद्धा होती.

पहिल्या चाचणीत लीलाने लिहिलं: माझी आई उन्हाने गेली. सरांनी आकडा बघितला आणि चष्मा काढला.

"हे ऐकीव आहे, लीला. तू तिथं नव्हतीस."

"नव्हते, सर. मामाकडे होते."

"मग पट्टा काय मोजणार? ऐकीवाला गुण नाहीत. त्या दिवसाचं तुझं स्वतःचं काही आहे का? बघितलेलं, ऐकलेलं?"

लीलाने तोंड उघडलं. ओटा, फोन, अळणी वरण. मग तिच्या मनात आलं, साता समुद्रापलीकडची शहाणी माणसं, त्यांना काय सांगायचं, की आमच्या आईचं मीठ राहिलं आणि आम्ही हसलो? आणि हसलो तर हसलो, वर कुणाला सांगितलंही नाही? हे का लिहायची गोष्ट आहे? तिने तोंड मिटलं.

"नाही, सर. काही नाही."

सरांनी चष्मा परत लावला. "तुझ्या बहिणीनं बघितलंय ना सगळं? मग तिच्याकडून घे. नीट घे, बारकाव्यांसकट. बाकीचं आपण बघू."

त्या दिवशी दुपारची पंगत उठल्यावर लीला स्वयंपाकघरात गेली. अक्का ओटा पुसत होती. लीलाने विचारल्यावर तिने फडकं पिळून बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत या विषयावर दोघी बोलल्या नव्हत्या. मोठीने सांगितलं नाही, धाकटीने विचारलं नाही.

"काय करायलीस ते घेऊन?"

"निवेदनात घालायचंय. सर म्हणाले तुझ्याकडून घे."

"घे की मग," अक्का म्हणाली. "माझ्याकडं ठेवून त्याला काय कोंब फुटणारेत."

ती जमिनीवर बसली आणि सांगायला लागली. आई इथं बसली, शेगडीच्या उजव्या अंगाला. मला वाटलं दम खायला बसली. मग कलंडली. मी डोकं मांडीवर घेतलं. डोकं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. पट्ट्यांचा हिरवा टॉवेल ओला करून कपाळावर टाकला, तर तो लगेच कोमट झाला. केसांना फोडणीचा वास येत होता. तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, ओळखलं का नाही कुणास ठाऊक, आणि म्हणाली, "भाताखालचा गॅस बंद कर."

"मग?"

"मी बंद केला. परत येऊन बसले तोवर..." अक्का उठली. "पुरे ना एवढं? पीठ मळायचंय मला."

सरांनी ते ऐकलं आणि एक शब्दही बदलला नाही. "गॅस बंद कर," ते स्वतःशीच म्हणाले. "असं कुणाला सुचत नाही. हे ठेवायचं. फक्त 'अक्का'च्या जागी 'मी'."

घोकणी सुरू झाली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. अंधारी खोली, कपाळाला पट्टा. सरांचा माणूस ओल्या टॉवेलला कोमट पाणी लावून हातात द्यायचा, फोडणीचा वास सोडायचा, मांडीवर वाळूची पिशवी ठेवायचा. डोळे मिटून म्हणायचं: मी डोकं मांडीवर घेतलं. मी टॉवेल ओला केला. पहिल्या आठवड्यात आकडा जेमतेम हलला. दुसऱ्यात चढू लागला.

एका मुलाने धीर करून विचारलं, "सर, हे खोटं कसं खरं होतं?"

वट्टमवार सरांमधला जुना शिक्षक जागा झाला. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आपल्या घरची आमटी समजा. काल उरलेली आज बाहेर काढली, पाणी घातलं, तिखट घातलं, उकळली. आता डब्यात परत काय जाईल? कालची नाही, आजची. मेंदू आठवण काढतो तेव्हा ती सैल होते, काही तास सैलच राहते, आणि परत ठेवताना आत जे मिसळलं असेल त्यासकट बसते. शास्त्र आहे हे, जुनं आहे. आपण फक्त रोज उकळतो." मुलं हसली. लीलाही हसली.

एक गोष्ट सरांनी सांगितली नाही, कारण त्यांनाही ती नीट माहीत नव्हती. त्या दिवसासाठी लीलाच्या मेंदूत डबा एकच होता. "आई गेली तो दिवस" म्हटलं की तोच उघडायचा, आणि उघडला की आधी ओटा, फोन आणि हसू वर यायचं. लीला घाईघाईने ते बाजूला सारायची आणि टॉवेल, गॅस, फोडणी आत घालायची. रोज दोनदा.

आई यायला लागली ती साधारण तेव्हापासून. बोलावल्यावर यायची तोवर ठीक होतं. मग न बोलावता यायला लागली. लीला चहा गाळत असताना मांडीवर एकदम भार यायचा, उभी असली तरी. जिन्यावर फोडणीचा वास. गणित सोडवताना कानाशी, अगदी जवळ, कोरड्या जिभेचा आवाज: भाताखालचा गॅस बंद कर. दर वेळी तेच, त्याच सुरात, जराही इकडेतिकडे नाही. जिवंत माणूस एक वाक्य दोनदा सारखं म्हणत नाही. ही आई तसं म्हणायची. लीला उठून स्वयंपाकघरात जायची, गॅस बंद असायचा, तरी बटण चाचपून बघायची. तिला भीती वाटत होती आणि तेही कुणाला सांगता येत नव्हतं, कारण आईची भीती वाटते असं कोण कुणाला सांगणार?

एकदा जेवताना दादा सहज म्हणाले, "तो हिरवा टॉवेल कुठं गेला गं, पट्ट्यांचा?"

"तो मी आईच्या कपाळावर टाकला होता," लीला म्हणाली. "नंतर कुठं गेला काय माहीत."

अक्काच्या हातातली पळी थांबली. "कुणी टाकला होता?"

"मी."

"लीले, तू उदगीरला होतीस."

"मी इथं होते, अक्का. तू पाणी आणायला गेली होतीस बाहेर. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं." तिने मांडीवर हात ठेवला. "इथं."

ती खोटं बोलत नव्हती, आणि ते अक्काला दिसत होतं. तेच भयंकर होतं. दादांनी दोघींकडे बघितलं, ताटाला नमस्कार केला आणि उठले. अक्काने पळी खाली ठेवली. स्वतःशी बोलल्यासारखी ती म्हणाली, "मी दिलं होतं गं तुला. पण दिल्यावर माझं काहीच राहणार नाही असं नव्हतं ठरलं."

रात्रभर लीला तळमळली. अक्का म्हणते ते खरं असणार, एवढी अक्कल तिला होती. मग आपण तेव्हा उदगीरला काय करत होतो?

परीक्षा जवळ आली तशी मामी आली, आंब्याची पेटी घेऊन. भाचीला ओवाळून परदेशी पाठवायची तिला भारी घाई. अजून पाठवणार कोण याचा पत्ता नव्हता, पण मामीला असल्या बारीकसारीक गोष्टींनी फरक पडत नसे. आंबे पिळता पिळता ती म्हणाली, "तुझी आई गेली त्या दिवशी तू किती हसत होतीस गं ओट्यावर. मला नंतर फार वाईट वाटायचं. लेकरू हसायलंय, आणि तिकडं..."

लीलाचा हात रसात थांबला. "कधी हसत होते?"

"दुपारी. आईचा फोन नव्हता का आला? चांगला वेळ बोलत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, गंमत आहे, सांगणार नाही. पोटात धरून ठेवलीस ती."

"काय गंमत होती, मामी?"

"अगं माय, मला काय विचारतीस? तुझी तुला माहीत."

लीला हात धुऊन मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून बसली. तिने डोळे मिटले. फोन. ओटा. ओटा कसा होता? शहाबादी फरशीचा, तेवढं मामाच्या घरी नेहमी जाऊन माहीत होतं. फोनवर आई. आई काय म्हणाली? तिने कान दिला, आणि आतून उत्तर आलं, कोरड्या जिभेचं, त्याच सुरात: भाताखालचा गॅस बंद कर. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. फोनवरची आईसुद्धा आता तेवढंच बोलत होती.

ती तशीच अकॅडमीत गेली. सर एकटेच होते. तिने सगळं सांगितलं. अडखळत, कारण नसलेल्या गोष्टीचं वर्णन करायचं होतं.

सरांनी तिला खुर्ची दिली. मग म्हणाले, "हे मला आधी सांगायचं नाही का? मी विचारलं होतं. स्वतःचं काही आहे का म्हणून."

"मी नाही म्हणाले."

"काय होतं ते?"

"तेच तर माहीत नाही, सर."

सरांनी चष्मा पुसला. "हे बघ, मी खोटं सांगणार नाही. प्रसंग पुसला जातो, पण त्यातला भाव मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतो. अमिग्डला म्हणतात. तो सहसा जात नाही. तू आत्ता घोकणं थांबवलंस, सहा महिने त्या दिवसाला हातच लावला नाहीस, तर कदाचित काही वर येईल. कदाचित म्हणतोय. पण परीक्षेला बसलीस तर केंद्रात दोन तास तेच सगळं पूर्ण ताकदीनं उकळायचं आहे. त्यानंतर खाली काही उरेल असं मला वाटत नाही."

"आणि परीक्षा पुढच्या वर्षी दिली तर?"

"वयाची अट आहे, बाळ. तुला हे शेवटचं वर्ष."

घरी आल्यावर लीलाने अक्काला सांगितलं, मी बसत नाही. अक्का कणीक मळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मळतच राहिली.

"सहा महिन्यांनी नाही आठवलं तर?"

"तर नाही."

"मग इथं पोळ्या लाटशील? माझ्या शेजारी बसून?"

"लाटीन."

"मला चालणार नाही," अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कणकेवर मूठ जोरात बसली. "मी कॉलेज सोडलं ते तू माझ्या शेजारी पाटावर बसावीस म्हणून नाही. आईनं फोनवर काय सांगितलं असेल? आंबे खा, उन्हात हिंडू नको. आया दुसरं काय सांगतात? तेवढ्यासाठी आयुष्य घालवतीस?"

"काहीतरी गंमत होती, अक्का. मी हसत होते."

अक्काने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मग हसलीस तेवढं बास की. मला तर तेही नाही मिळालं."

बहिणीने आपल्या मांडीवरचं ओझंसुद्धा काढून दिलं होतं. आता ते परत कसं करायचं? केंद्रात जायच्या आदल्या दिवशी ती एकटीच बसने उदगीरला गेली आणि मामाच्या ओट्यावर ऐन दुपारी बसून राहिली. फरशी चटका देत होती. मामी आतून दोनदा हाक मारून गेली. काही आलं नाही. उठताना मात्र तिच्या तोंडून आपोआप निघालं, "ठेवते गं," आणि हे आपण का म्हणालो ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टा बांधला आणि लिहिलं. 'मी आईचं डोकं मांडीवर घेतलं. डोकं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं.' लिहिताना ती हुंदके देत होती, आणि पर्यवेक्षक बाईंनी मुकाट्याने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. साक्षांक आला सत्त्याण्णव. अकॅडमीने तिचा फोटो चौकात लावला. सर पेढे घेऊन आले, पण बसले नाहीत.

नॉर्वेत बर्फ इतकं होतं की उन्हाबद्दल बोलायचं म्हणजे थट्टाच वाटावी. लीला रुळली. आई अजून यायची, पण कमी. बर्फात फोडणीचा वास फार टिकत नसावा. तिच्या वर्गाला उष्म्याचा विषय शिकवायच्या हाल्वोर्सेन नावाच्या प्राध्यापिका, साठीच्या, मृदू बोलणाऱ्या. लीलाचं निवेदन त्यांनी वाचलेलं होतं.

पहिल्या सत्रातच त्या म्हणाल्या, "लोक तापाची वाट बघतात, माणूस कोसळायची वाट बघतात. तोवर उशीर झालेला असतो. खरी खूण त्याच्या कितीतरी तास आधी येते आणि ती इतकी किरकोळ असते की लोक तिला हसतात. ड्रायव्हर स्वतःच्याच घराची गल्ली चुकतो. विणणारीचा टाका सुटतो. रोज स्वयंपाक करणारी बाई मीठ घालायला विसरते."

लीला हसली. मोठ्याने, खळखळून, अकरा वर्षांच्या मुलीसारखी. सगळा वर्ग वळून बघू लागला. तिने तोंडावर हात दाबला तरी हसू बोटांमधून बाहेर येत राहिलं, आणि मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्याचंही कारण तिला माहीत नव्हतं. छातीत काहीतरी फार गोड आणि फार टोचणारं एकदम उठलं होतं. त्याला ना जागा होती, ना माणूस, ना आवाज.

तास संपल्यावर प्राध्यापिका तिच्याजवळ आल्या. "मी तुला विचारणारच होते," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्याकडे अशा पहिल्या खुणांच्या नोंदी फारच थोड्या आहेत. घरच्यांच्या लक्षातच राहत नाहीत. तुझ्या आईच्या बाबतीत त्या दिवशी असं काही घडलं होतं का? एक जरी पक्की नोंद मिळाली तर पुढे कुणाची तरी आई वाचू शकते. आठवून बघ."

लीला बाहेर व्हरांड्यात आली आणि तिने लातूरला फोन लावला. तिकडे दुपार होती. पलीकडे ताटांचा खणखणाट ऐकू येत होता.

"अक्का, एक विचारू? आई कधी मीठ विसरली होती का गं? त्या दिवशी?"

"आई?" अक्का हसली. "आईच्या हातचं मीठ कधी चुकलंय का? चाळीस पोरांचं वरण ती चव न बघता करायची. असं कधीच झालं नाही. झालं असतं तर मी वर्षभर चिडवलं असतं तिला. का गं?"

"काही नाही. उगाच."

"जेवलीस का?"

"जेवले."

"बरं, ठेवते गं. भात लागायलाय इकडं."

फोन बंद झाल्यावरही लीला तो कानाला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग ती आत गेली. प्राध्यापिकेने दिलेल्या नोंदीच्या छापील कागदावर तिने आईचं नाव लिहिलं. पुढे एक रकाना मोकळा होता: आदल्या काही तासांत रोजच्या कामात चूक झाल्याचं घरच्या कुणाला आठवतं का?

लीलाने डोळे मिटून एकदा नीट आठवून बघितलं, आणि लिहिलं, नाही.